चांगुणाताईचा वाटा

चांगुणाताई,

तुझ्या बाराव्याला मी कळव्याला आले होते, पण पाड्याच्या तोंडाशीच थांबले. तुझ्या घरापुढे माणसं बसली होती. तुझी लेक बेबी पदर खोचून आत-बाहेर करत होती. मी नळापाशी दहा-पंधरा मिनिटं उभी राहिले आणि परत फिरले. कोणी विचारलं असतं तर मी 'हॉस्पिटलातली मैत्रीण' म्हणाले असते, आणि तुझ्या माणसांनी मला बसवून चहा दिला असता. तो माझ्या घशाखाली उतरला नसता. का, ते तुला सांगायचं राहून गेलं. समोर होतीस तेव्हा धीर झाला नाही, म्हणून आता लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं, हे माहीत असूनही लिहिते आहे.

आपली ओळखच एका कागदामुळे झाली. ठाण्याच्या हॉस्पिटलात दोघींचंही छातीचं ऑपरेशन झालं होतं, विजेचे शेक घेऊन झाले होते. दसरा जवळ आला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, आजार परत येऊ नये म्हणून एका गोळीची चाचणी चालू आहे, तुमची इच्छा असेल तर भाग घ्या. सिस्टरने चार पानी कागद माझ्या हातात दिला आणि माझा चष्मा बघून म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या दिसता. या मावशींनाही वाचून दाखवा."

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडील मुरबाडला भाताच्या गिरणीत पोती उचलायचे. मी बी.ए. झाले आणि डोंबिवलीला शाळेत लागले, ते त्यांच्या पाठीवर बसून. त्यामुळे 'शिकलेल्या' म्हटलं की मी अजूनही आपोआप ताठ बसते. तशी बसले आणि तुला वाचून दाखवू लागले. काही बायकांना औषधाची गोळी मिळेल, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला कोणती, हे चिठ्ठ्या टाकून ठरेल. ते पेशंटला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही कळणार नाही.

"थांब," तू म्हणालीस. "डाक्टरलापन म्हाईत नाय?"

"नाही."

"मंग म्हाईत कोनाला?"

"दुसरीकडे कपाटात यादी ठेवलेली असते म्हणे."

"म्हंजी कपाटाला म्हाईत, आन जिचा जीव तिला नाय!" तू इतक्या मोठ्याने हसलीस की सिस्टरने दारातून डोकावून पाहिलं.

मला हसू येत नव्हतं. मी चिठ्ठी या शब्दापाशीच अडकले होते. माझी मीनल तेव्हा सात वर्षांची होती. तू मात्र आधीपासूनच सगळं ठाऊक असल्यासारखी मान हलवलीस. "आमच्याकडं खाडीत जालं कुनी कुटं लावायचा, ते चिठ्ठीवरच. एकाला चांगली जागा, एकाला नुसता चिखल. पन मासली आयली का चिखलवाल्याच्या घरीपन वाटा जातो. नायतर त्याची पोरं काय चिखल खातील?"

मला वाटलं, बाई गप्पिष्ट आहे, काहीतरी गावची गोष्ट सांगते आहे. तो तुमचा नियम होता आणि तू तो बरोबर घेऊन आली होतीस, हे मला पुढे कळलं. तू अंगठा उठवलास, मी सही केली.

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आपण खिडकीवर रिकामी बाटली द्यायचो आणि भरलेली घ्यायचो. तपकिरी बाटली, वर चिकटवलेला नंबर. माझ्या नंबरात शेवटी चार होते, तुझ्यात सात. औषधांच्या खोलीबाहेरचा लांब बाक आपला झाला. आधी आपण दोघी होतो, मग पाच-सहा झालो. कोणी कल्याणहून यायची, कोणी खडवलीहून, एक तर मुंब्र्याहून चालत. घरी जे बोलता येत नव्हतं ते त्या बाकावर बोलता यायचं. घरी 'हे' माझ्याकडे बघायचे ते गळ्याच्या वर. सासूबाई माझं ताट वेगळं धुवायच्या, वाईट मनाने नाही, भीतीने. बाकावर मात्र तू पहिल्याच महिन्यात सगळ्यांदेखत विचारलंस, "मास्तरीन, आत काय भरलंस गो? कापूस? म्हनून वर चढलाय एका बाजूला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या वेळी तू जुन्या पातळाची, छान गोल शिवलेली पिशवी आणलीस. "यात मोहरी हाय. वजन बरोबर बसतं, सरकत नाय. फकस्त उन्हात फिरू नको. तडतडंल."

त्या दिवशी ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा हसले. घरी येऊन आरशासमोर उभी राहिले, दोन्ही बाजू सारख्या दिसत होत्या, आणि मग रडले. दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यावर लिहिताना मला पदर सावरावा लागला नाही. बाकावरच्या चौघींना नंतर तू तशाच पिशव्या शिवून दिल्यास. हात वर जावा म्हणून भिंतीवर बोटं चढवायचा व्यायामही तूच सगळ्यांकडून करून घ्यायचीस, पेन्सिलीने खुणा करून. तुझी स्वतःची खूण सगळ्यांच्या वर होती. तुला डोक्यावरची मासळीची पाटी हाताने धरायची होती. ठाण्याच्या मार्केटात तुझी जागा दुसरीने घेऊ नये, एवढीच तुला घाई होती.

पण त्या बाकावर भीतीही आपल्याबरोबर बसलेली असायची. पाठ दुखली तर ती वह्यांच्या गठ्ठ्याने दुखली की त्याने? खोकला आला तर तो गारठ्याचा की त्याचा? आंघोळ करताना मी दुसरी बाजू चाचपायची, आणि आपण चाचपतो आहोत याचीच भीती वाटून हात काढून घ्यायची. एखादीचं नाव पुकारलं जायचं आणि कोणी उठायचं नाही. सिस्टर दुसऱ्यांदा पुकारायची. आपण सगळ्या जमिनीकडे बघत राहायचो. मुंब्र्याच्या बाईचं नाव असंच एका गुरुवारी तीनदा पुकारलं गेलं. आपण चौकशी केली नाही. चौकशी केली की उत्तर येतं.

मार्गशीर्षातल्या थंडीत तू घामाने थबथबून बाकावर येऊन बसलीस. सगळ्याजणी शाली घेऊन बसल्या होत्या आणि तू पदराने वारा घेत होतीस. "अंगात भट्टी पेटतंय. मार्केटात बर्फावर हात ठेवून बसतंय मी."

आतून तपासून आलीस ती माझा दंड धरून मला जिन्याखाली घेऊन गेलीस. "डाक्टरीन बोलली, गोलीनं असा होऊ शकतो. म्हंजी माजी खरी हाय. तुला काय होतो?"

"मला काहीच होत नाही."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. त्या बघण्याने मला जेवढी भीती वाटली तेवढी ऑपरेशनच्या टेबलावरही वाटली नव्हती. कपाटातली यादी कोणीतरी उघडून माझ्यासमोर धरल्यासारखं झालं.

"घाबरतंस कशाला? एक म्हयना तू माजी घे, मी तुजी घेतंय. दुसऱ्या म्हयन्याला आपापली. मंग परत."

"चांगुणाताई, मी सही केली आहे. असं नाही करता येत. यातून जे उत्तर निघेल ते पुढच्या बायकांसाठी आहे. आपण अदलाबदल केली तर ते उत्तर खोटं होईल."

"पुढच्या बाया येतील तवा येतील. तुजी पोर आताच सात वर्साची हाय ना?"

"पण मग तुला अर्धंच औषध मिळेल."

"अर्धा तर अर्धा. चांगली जागा मना लागली, ती काय मी कमावली? चिठ्ठीत आयली."

आपलं हे भांडण जिन्याखाली बराच वेळ चाललं. मी तुला चाचणी म्हणजे काय ते समजावत होते, आणि तू मला वाटा म्हणजे काय ते. मी हरले, असं मी स्वतःला सांगत आले. पण खरं सांगायचं तर मला हरायचंच होतं. पुढच्याच गुरुवारी, मकरसंक्रांतीच्या महिन्यात, तू सातची बाटली माझ्या पर्समध्ये टाकलीस आणि चारची आपल्या पिशवीत.

तुझी गोळी घेतल्यावर आठ दिवसांतच मला वर्गात एकदम गरम व्हायला लागलं. मी खिडकी उघडली. पोरी कुडकुडत म्हणाल्या, "बाई, थंडी वाजते." आणि मी मनातून आनंदले होते. पुढचा महिना माझ्या बाटलीचा. त्या महिन्यात कंबर दुखली, झोप उडाली. तुझ्या बाटलीच्या महिन्यात जीव ताळ्यावर, माझ्या बाटलीच्या महिन्यात जीव टांगणीला. असे पाच महिने गेले. मे महिन्यात तुझी बाटली माझ्याकडे होती. म्हणजे जूनमध्ये आपापली घ्यायची.

जूनच्या त्या गुरुवारी खिडकीवरून बाटल्या घेऊन आपण बाकावर आलो. तू तुझी पिशवीत ठेवू लागलीस. आणि मी म्हणाले, "ताई, आज बदलायची आहे ना? मागच्या महिन्यात आपापली होती."

तुझा हात पिशवीतच थांबला. "मागच्या म्हयन्यात?"

"हो. मी वहीत लिहून ठेवते ना."

मी कुठल्याही वहीत काही लिहीत नव्हते. तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस. फार वेळ नाही. मग पिशवीतून बाटली काढून माझ्या मांडीवर ठेवलीस. "बरा. तू शिकलेली. तू बोलतंस तसा."

तू रोज सकाळी बारा घरांचे वाटे बोटांवर करणारी बाई. कोणाकडे किती गेलं, कोणाचं कालचं राहिलं, हे तुला न लिहिता पाठ असायचं. मला चष्म्यातूनही नंबर मोठ्या आकड्यांत लागायचे आणि तू लांबून चार की सात ते ओळखायचीस. तुझा महिना चुकणं शक्य नव्हतं. हे मला घरी पोहोचण्याआधीच कळलं होतं. तरी मी ती गोळी रात्री पाण्याबरोबर घेतली.

जुलैत मी काही बोलले नाही. तूच बाटली पुढे केलीस. ऑगस्टमध्येही, सप्टेंबरमध्येही. पाळी कोणाची, हे नंतर कोणी काढलंच नाही. मी घेत राहिले. दर वेळी मी तुला काहीतरी आणायची, कधी चकल्या, कधी मीनलने काढलेलं चित्र. तू चित्राचं फार कौतुक करायचीस. मला ते कौतुकही सहन व्हायचं नाही.

गणपतीनंतर तू लंगडत आलीस. म्हणालीस, मार्केटातल्या फळीवर बसून बसून कंबर धरली. मला त्याच क्षणी कळलं. फोटो काढले, तपासण्या झाल्या. आजार हाडात गेला होता. तुझी चाचणीतली गोळी बंद झाली, दुसरी औषधं सुरू झाली. खिडकीवर तुझ्या नावाची बाटली आली नाही आणि मी माझी घेऊन घरी आले. त्या दिवशी गोळी हातात घेऊन मी किती वेळ ओट्यापाशी उभी होते, ते माझं मलाच माहीत. मी तुझं औषध खाल्लं, म्हणून तुला हे झालं. हे वाक्य माझ्या डोक्यातून एक मिनिटही गेलं नाही. पोरींना पाढे म्हणायला लावायचे आणि पाढ्यांच्या मागे तेच वाक्य चालू असायचं.

माघात तुला भेटायला आले. तू खाटेवर होतीस, एवढीशी झालेली. बेबीने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. मी ठरवून आले होते. बेबी पाण्याला गेली तशी म्हणाले, "चांगुणाताई, मला एक सांगायचंय. जूनमध्ये..."

"भाकर खा आधी. गार होतंय."

"नाही, ऐकून घे. मी डॉक्टरबाईंना सगळं सांगणार आहे. बाटल्यांचं."

तेवढं ऐकून तू कोपरावर उठायला गेलीस. तुला किती दुखलं ते तुझ्या ओठांवरून दिसलं. "येडी जालीस का? भाईर काढतील तुला. मंग तपासनार कोन? गप ऱ्हा. मी काय कुनाला बोललू?"

"पण मी तुझं..."

"मास्तरीन, तू लई बोलतंस. खा."

मी भाकरी खाल्ली. चटणी तिखट होती, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी खपून गेलं. होळीला आठ दिवस असताना तू गेलीस. निरोप मला चौथ्या दिवशी मिळाला, बाकावरच्या कल्याणच्या बाईकडून.

तुझं ऐकलं नाही, ताई. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. वाटत होतं, आता ओरडतील, कागदावर लाल रेघ मारतील, पुन्हा येऊ नका म्हणतील. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी डोळे चोळले. मग विचारलं, "असं आणखी कोणी केलं?" मी नाही म्हटलं. "मला का नाही सांगितलंत? मी बाकासमोरून रोज जाते." मग त्या म्हणाल्या, तुम्हाला तपासणं कोणी बंद करणार नाही. पण तुम्ही दोघींनी काय काय घेतलं, हे वरिष्ठांना कळवावं लागेल आणि यादी उघडावी लागेल. आणि शेवटी विचारलं, "उघडल्यावर तुम्हाला कळायला हवं आहे का?"

मी हो म्हटलं. न कळता जगणं मला जमलं नसतं.

काल त्यांनी बोलावलं होतं. समोर एक पाकीट होतं. ताई, तुझी गोळी नुसती होती. सातच्या बाटलीत औषध नव्हतंच. औषध चारमध्ये होतं. तुझ्या अंगातली भट्टी वयाची होती, आणि माझ्या अंगातली बहुधा माझ्या मनाची. अदलाबदलीचे सात महिने तू खरं औषध घेतलंस आणि मी काहीच घेतलं नाही. मी विचारलं, मग तिला त्याचा उपयोग झाला असेल का? ते सात महिने मला घातक ठरतील का? डॉक्टरबाई म्हणाल्या, हे कोणीही सांगू शकणार नाही.

सगळ्यात आधी मला काय वाटलं ते सांगते, तुझ्यापासून आणखी काही लपवायचं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. मी तुझं औषध खाल्लं नव्हतं. जिन्यापर्यंत मी जवळजवळ पळत आले. तिथे, आपण भांडलो होतो त्या जागी, माझे पाय थांबले. बाटलीत काही नव्हतं, हे तुला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. तू त्यात आपला जीव आहे असं समजून ती माझ्या मांडीवर ठेवलीस. मीही त्यात तुझा जीव आहे असं समजूनच ती उचलली. पाकीट उघडल्याने यातलं काहीच बदलत नाही.

आता माझ्या बाटलीवर नंबराऐवजी औषधाचं नाव आहे. आज पहिली गोळी घेतली. भीती गेलेली नाही. सकाळपासून डाव्या बरगडीत काहीतरी टोचतं आहे आणि मी ते कुणाला सांगितलेलं नाही. पुढच्या गुरुवारी सांगेन, डॉक्टरबाईंनाही आणि बाकावरही. बाकावरच्या बायकांना बाटल्यांची गोष्टही सांगेन, माझ्या बाजूची सगळी. त्या मला सरकून जागा देतील की नाही, माहीत नाही.

तुझी माफी मागायची वेळ मी भाकरी खाण्यात घालवली. आता एवढंच माझ्या हातात आहे की जे खोटं बोलले ते तुझ्यापुढे खरं करून ठेवावं. चांगुणाताई, मे महिन्यात आपण बाटल्या बदलल्या होत्या. जूनमध्ये आपापली घ्यायची होती. तुझ्या बरोबर लक्षात होतं.